आमची वाटचाल : मांजराच्या दाण्यांपासून फ्रीझ-ड्राय मांसापर्यंत

चाकणजवळच्या शेडमध्ये आमचं एक फ्रीझ-ड्राय यंत्र आहे, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवणारं. एका खेपेला २० किलो ओलं मिश्रण आत जातं आणि साधारण ३० तासांनी ६ किलो कोरडं बाहेर येतं. बाकीचं १४ किलो पाणी. मांजरांच्या खाण्याचा धंदा म्हणजे मुळात या पाण्याचा हिशोब आहे, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं.

मांजर पाणी प्यायला आळशी असतं, कारण उंदरात ६५ ते ७० टक्के पाणी असतं आणि त्याचं शरीर त्या शिकारीवर बेतलेलं आहे. बाजारातल्या मांजरखाद्याच्या दाण्यांत पाणी जेमतेम ८ ते १० टक्के. फ्रीझ-ड्राय मांसात त्याहूनही कमी, ३ ते ५ टक्के. म्हणून पाकिटातला तुकडा तसाच कोरडा खाऊ घातला तर पाण्याच्या बाबतीत दाण्यांपेक्षा काहीच सुधारणा होत नाही, उलट भुकेलं मांजर भराभर गिळतं, तुकडे पोटात फुगतात आणि दहा मिनिटांत सगळं फरशीवर येतं. आमच्या पहिल्या पाकिटांवर ‘हवं असल्यास पाणी घाला’ असं छापलं होतं. ते ‘हवं असल्यास’ आम्ही पहिल्या संधीला काढलं.

आता यंत्राविषयी थोडं, कारण खाणं कशामुळे बिघडतं ते तिथेच समजतं. मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठवायचं आणि आतली हवा ओढून घ्यायची. दाब ६ मिलिबारच्या खाली गेला की बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होते. आम्ही १ मिलिबारच्याही खाली चालवतो. ही वाफ उणे ५० अंशांच्या कंडेन्सरवर पुन्हा बर्फ होऊन बसते. ट्रेमधला थर १० ते १२ मिलिमीटरच ठेवायचा. लवकर माल निघावा म्हणून २० मिलिमीटर भरला, तर वरून कुरकुरीत दिसतो आणि मधोमध ओला राहतो. ओळखायची पद्धत सोपी आहे : मधला तुकडा तोडून ओठाला लावायचा. गार लागला तर आत अजून बर्फ आहे. त्यानंतर ट्रेचं दोन तासांच्या अंतराने दोनदा वजन करायचं, आकडा हलला नाही तरच खेप बंद. हवा ओढणाऱ्या पंपाचं तेल दुधासारखं पांढरं दिसायला लागलं की त्यात पाणी शिरलंय, तेल बदलल्याशिवाय पुढची खेप लावायची नाही.

कोंबडीची चरबीदार कातडी आम्ही सुरुवातीपासूनच काढतो. सुकल्यावर तुकडा स्पंजासारखा सच्छिद्र होतो, हवा आतपर्यंत पोचते आणि चरबी खवट होते. त्याचा वास माणसाला यायच्या आधी मांजराला येतो. नव्या पाकिटाला मांजर नुसतं हुंगून मागे फिरलं, तर ते नखरे करतंय असं समजण्याआधी पाकीट तपासा.

सुरुवातीला आमच्याकडे नुसतं सुकवलेलं चिकन होतं. खाऊ म्हणून ते ठीक, जेवण म्हणून ते अपुरं, आणि लोक ते जेवण म्हणून घालत होते. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, कॅल्शियमच्या १५-२० पट फॉस्फरस. महिनोन्‌महिने असं खाल्लं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि पिल्लांची हाडं साध्या उडीनेही मोडतात. जे घरी नुसतं चिकन उकडून घालतात त्यांनाही हेच लागू आहे.

आमचं आजचं १० किलोचं मिश्रण असं : तंगडीचं बिनहाडाचं मांस साडेआठ किलो, कोंबडीची हृदयं १ किलो, कलेजी अर्धा किलो, उकळून वाळवून मैद्यासारखी दळलेली अंड्याची टरफलं ५५ ते ६० ग्रॅम, टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल) २० ग्रॅम, आणि वरून जीवनसत्त्वं-खनिजांची तयार पूड. छातीचं मांस स्वच्छ दिसतं म्हणून लोकांना आवडतं, पण टॉरिन तंगडीत कितीतरी जास्त असतं. टॉरिन कमी पडल्याने मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं आणि त्यानंतर जगभरच्या मांजरखाद्यात टॉरिन जास्तीचं घालायला लागले. कलेजी अर्ध्या किलोच्या वर जाऊ देत नाही. मांजराला कलेजी जीव की प्राण, पण त्यातलं ‘अ’ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि पुढे मानेचे मणके एकमेकांना चिकटतात.

या वाटचालीतला सगळ्यात मोठा बदल मात्र कच्चं चिकन बंद करण्याचा. मांजराला लस टोचायला नेता तेव्हा डॉक्टर एक छोटी बाटली काढतात. तिच्या तळाशी पांढरी, हलकी वडी असते. त्यात पाणी सोडून हलवलं की ती विरघळते. ती वडी फ्रीझ-ड्राय केलेले जिवंत पण दुबळे विषाणू असते. ज्या प्रक्रियेने विषाणू टिकवून ठेवतात, तीच प्रक्रिया चिकनमधले जंतू मारेल असं मानणं धोक्याचं आहे. साल्मोनेला थंडीत आणि निर्वातात झोपून राहतो, पाणी मिळालं की जागा होतो. परदेशातले मोठे कारखाने ६,००० बारच्या दाबाखाली काही मिनिटं ठेवून जंतूंचं प्रमाण खाली आणतात. ते यंत्र आमच्या आवाक्यातलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले आणि जानेवारीत ते बर्ड फ्लूने गेल्याचं निष्पन्न झालं. त्याच सुमारास छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही हा विषाणू सापडला. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये कच्चं गोठवलेलं टर्कीचं खाणं खाऊन मांजर बर्ड फ्लूने मेल्याचं आधीच समोर आलं होतं. त्यानंतर आम्ही कच्चं चिकन पूर्ण बंद केलं. आता मिश्रण झाकलेल्या भांड्यात वाफवतो, सगळ्यात जाड ठिकाणी थर्मामीटर ७४ अंश दाखवेपर्यंत, आणि मग सुकवतो. सुटलेला रस फेकायचा नाही, मांसातलं टॉरिन त्यातच उतरतं. तो परत मिश्रणात जिरवतो. टॉरिन आणि जीवनसत्त्वांची पूड वाफवल्यानंतर, मिश्रण कोमट झाल्यावर घालतो.

काही जुनी गिऱ्हाईकं यावर नाराज झाली. ‘कच्चं म्हणजे जास्त पौष्टिक’ असा त्यांचा पक्का समज. आमचं मत असं : दाण्यांवरून इकडे आल्याने जो फायदा दिसतो तो भरपूर प्रथिनांचा, कमी पिठाचा आणि मुख्य म्हणजे पाण्याचा आहे. तो वाफवलेल्या मांसातही तसाच मिळतो. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेनेही २०१२ पासून कच्चं मांस घालू नका अशीच भूमिका घेतली आहे. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर यावर वाद घालण्यात अर्थच नाही.

कोकणातून बांगड्या-तारलीची मागणी नेहमी येते. कच्च्या बांगड्यात आणि तारलीत ‘ब१’ जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं. रोज खाल्लं तर मांजर मान खाली घालून झोकांड्या खायला लागतं. वाफवलं की ते विकर नष्ट होतं, म्हणून मासळी आमच्याकडे वाफवूनच आणि खाऊ म्हणूनच मिळते.

आता बदल कसा करायचा. आमच्याकडे येणारे निम्मे प्रश्न याचेच असतात, आणि बहुतेक घोटाळे घाईमुळे होतात.

४ किलोच्या, नसबंदी झालेल्या घरातल्या मांजराला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. म्हणजे साधारण ५४ ग्रॅम दाणे, किंवा आमचं ४२ ग्रॅम कोरडं. सगळा बदल यातच बसतो : दर टप्प्याला ८ ग्रॅम दाणे कमी (शेवटच्या टप्प्याला उरलेले ६), ६ ग्रॅम नवं जास्त. असे ७ टप्पे, प्रत्येक २ ते ३ दिवसांचा. चमच्याने मोजू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दाण्यांच्या पाकिटावर दर ग्रॅमला वेगळी कॅलरी लिहिली असेल तर तो आकडा धरा.

त्याआधी एक आठवडा फक्त वेळेची सवय लावा. दिवसभर भरून ठेवलेली वाटी उचला. दाणे तेच, पण तीन वेळा, आणि अर्ध्या तासाने वाटी बंद. चरत राहणाऱ्या मांजराला भूक कधी लागतच नाही आणि भूक नसलेलं मांजर नवीन काही चाखत नाही. ही पायरी गाळली की पुढचं सगळं अडतं. या आठवड्याच्या शेवटी एक तुकडा बोटांनी चुरून त्याची पूड दाण्यांवर भुरभुरवा, अर्धा चमचा पुरे.

पहिल्या टप्प्यापासून नवं खाणं वेगळ्या बशीत द्या. ओलं मिश्रण दाण्यांवर ओतलं की दाणे लगदा होतात आणि मांजर दोन्ही सोडतं. पाणी कोमट घ्या, मनगटावर टाकल्यावर गरम-गार काहीच वाटू नये इतपत. सुरुवातीला ६ ग्रॅमवर एक चमचा पाणी, मग वाढवत शेवटी ४२ ग्रॅमला दिवसभरात ११० ते १२० मिली. खायच्या काट्याने (फोर्कने) तुकडा दाबा. मधोमध फिकट, खडबडीत ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं भिजू द्या. भिजवलेलं अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवू नका, मे महिन्यात तर वीसच मिनिटं.

शी लहान, घट्ट आणि कमी वेळा होणं अपेक्षितच आहे. पातळ झाली तर पुढे जाऊ नका, मागेही येऊ नका, त्याच टप्प्यावर ३ दिवस थांबा. रक्त दिसलं किंवा मांजर मलूल झालं तर थेट डॉक्टर. खडूसारखी पांढरी, भुगा होणारी शी म्हणजे कॅल्शियम जास्त. आमच्या खाण्यावर तशी झाली तर खेपेचा क्रमांक आम्हाला कळवा. वाळूच्या ट्रेमधले लघवीचे गोळे दोनाचे तीन-चार झाले की पाणी पोटात जातंय. बोका सारखा ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि लघवी होत नाही, अशा वेळी खाण्याचा विचार बाजूला ठेवा आणि तासाभरात दवाखाना गाठा.

‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला कुत्र्याला चालतो, मांजराला नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी भरते आणि त्यात जीव जाऊ शकतो. २४ तास काहीच खाल्लं नाही तर जुने दाणे पुढे करा. तेही नाकारले तर डॉक्टरांकडे न्या. दर आठवड्याला वजन घ्या, ४ किलोच्या मांजराचं ८० ग्रॅमच्या वर उतरलं तर टप्पा थांबवा.

इन्सुलिनवर असलेलं मांजर, मूत्रपिंडाचा त्रास असलेलं, किंवा मूतखड्यासाठी डॉक्टरांनी खास खाणं दिलेलं, यांच्यासाठी आम्ही डॉक्टरांच्या होकाराशिवाय पाकीट पाठवत नाही. पीठ कमी झालं की साखर झपाट्याने उतरते. तेवढंच इन्सुलिन चालू राहिलं तर मांजर बेशुद्ध पडतं.

पूर्ण बदल सगळ्यांना परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या खर्चात चिकनइतकंच वजन विजेच्या बिलाला आहे. अशांनी चौथ्या टप्प्यावर थांबावं : २२ ग्रॅम दाणे, २४ ग्रॅम भिजवलेलं. दोन्ही एका दिवशी खाल्ल्याने अपचन होतं, या समजुतीला आम्हाला तरी आधार सापडलेला नाही.

राहता राहिला पावसाळा. जुलैत पाकीट उघडं राहिलं की तुकडे काही मिनिटांत मऊ पडतात, आणि मऊ पडलेला तुकडा आठवड्यात बुरशी धरतो. ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट आणि आत प्राणवायू शोषणारी पुडी घालूनही अर्धा किलोचं पाकीट रोज तीनदा उघडलं जायचं, तेव्हा त्याचा उपयोग राहायचा नाही. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही मोठी पाकिटं भरतच नाही. फक्त ४२ ग्रॅमची, एका मांजराची एका दिवसाची.