गिटारवर राग वाजतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी गिटार शिकवते आणि घरात शास्त्रीय संगीत ऐकलं जातं, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. उत्तरादाखल मी गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या पं. ब्रिजभूषण काब्रांचं नाव घेत नाही. ते गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर सळई सरकवायचे, तिथे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येणारच. खरी अडचण आहे ती पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, बोट दाबून वाजवायच्या गिटारची. त्यासाठी मी 'शक्ती' या बँडचा पहिला अल्बम ऐकायला देते.

ही न्यूयॉर्क राज्यातल्या साउथॅम्प्टन कॉलेजमधली मैफल, ५ जुलै १९७५ची. जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम, मृदंगमवर राघवन आणि तबल्यावर चोवीस वर्षांचे झाकीर हुसेन. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये कानठळ्या बसवणारी इलेक्ट्रिक गिटार वाजवून मॅक्लॉफ्लिन जगभर गाजले होते. इथे ती गिटार नाही, ड्रमसेट नाही, बाससुद्धा नाही.

त्यांनी वाद्यच बदलून घेतलं. अब्राहम वेक्टर या कारागिराने बनवलेल्या त्या गिटारला नेहमीच्या सहा तारांखाली तिरप्या सात तारा आहेत, सतारीच्या तरफांसारख्या, म्हणजे मुख्य तारांखाली गुंजणाऱ्या तारांसारख्या. दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं आहे. त्यामुळे बोट लाकडाला घासत नाही आणि तार खूप दूरपर्यंत खेचता येते. मींड आणि गमक, म्हणजे स्वराला दिलेला हेलकावा, तिथून येतात.

पण माझ्या मते मोठा बदल कानाचा आहे. जॅझ गिटारवादकाची सगळी तालीम कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलत जाण्याची. इथे सा हलत नाही. प्रत्येक स्वराला त्या एका सा-शी नातं सांभाळावं लागतं. मॅक्लॉफ्लिननी अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते, ते वाजवण्यात जाणवतं. अल्बममधल्या 'जॉय' या रचनेत गिटार आणि व्हायोलिन अतिद्रुत लयीत एकच ओळ घेतात आणि मग दोघांचे सवाल-जवाब रंगतात. एकीकडे हिंदुस्तानी तबला, दुसरीकडे कर्नाटकी घटम आणि मृदंगम. आज आपल्याला अशी जोडी ओळखीची वाटते, पण या माणसांनी ती परक्या देशात, परक्या श्रोत्यांपुढे मांडली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मग राग वाजला का? विलंबित म्हणजे संथ लयीतली बढत, एकेका स्वरावर थांबून उलगडत जाणारा राग तुम्हाला हवा असेल, तर तो इथे मिळणार नाही. वेगाचा मोह बऱ्याच ठिकाणी आवरलेला नाही. मॅक्लॉफ्लिन मुळात जॅझवाले, आणि ते तसेच राहतात. रागाचं अंग मात्र गिटारला आलं आहे, आणि ते नक्कल करून आलेलं नाही. सुरुवात 'लोटस फीट'पासून करा. ती रचना छोटी आहे, चाल संथ आहे, आणि खेचलेली तार त्यात स्वच्छ ऐकू येते.