बाई, रागावलात?

मागच्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन चार दिवसही झाले नव्हते. मी मान खाली घालून वह्या तपासत होते. पहिलीतली एक मुलगी जवळ आली. तिनं माझ्याकडे बोट केलं, कपाळाला आठ्या घातल्या, ओठांची टोकं खाली ओढली आणि दोन्ही तळवे उघडून उभी राहिली. बाई, रागावलात? मी अजिबात रागावले नव्हते. तिनंच काढलेला ‘अ’ बघून मला बरं वाटत होतं.

मी सोलापुरात कर्णबधिर मुलांना शिकवते. वय 56, नोकरीची 31 वर्षं झाली, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. साखर निघाल्यावर दीड वर्षात 14 किलो वजन कमी केलं, त्याचा मला अभिमान आहे. पण वजनाबरोबर गालही उतरले. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कातडी लोंबायला लागली, गळ्यावर दोन दोऱ्या दिसायला लागल्या. नवी पेठेत कुणी भेटलं की आधी विचारतं, “बरं नाही का?” त्याचं मला एवढं लागलं नव्हतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं लागलं.

कारण आमच्या वर्गात चेहरा म्हणजे माझं अर्धं बोलणं. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे शब्द आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. उरलेला अर्थ मूल माझ्या हातांवरून, डोळ्यांवरून, गालांवरून घेतं. खुणांच्या भाषेत तर भुवया म्हणजे व्याकरण. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास का’ यांत हात तेच राहतात, भुवया वर गेल्या की प्रश्न होतो. अशा मुलांसमोर दिवसभर रागावलेलं तोंड घेऊन उभं राहायचं, हे मला सहन होईना.

महिनाभर रात्री आरशासमोर उभी राहून मी दोन बोटांनी गाल कानाकडे ओढून बघत होते. एकदा सासूबाईंनी बघितलं. “काय बघलालीस एवढं?” चेहऱ्याची सैल कातडी ओढून घ्यायची शस्त्रक्रिया, म्हणजे फेसलिफ्ट, करून घ्यावी असं मनात होतं, ते मी सगळं सांगून टाकलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “लई दुखणार असंल तर नको. नसंल तर कर की.” 81 वर्षांच्या बाईनं यात लाज वाटण्यासारखं काही बघितलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. जाऊबाईंनी मात्र “या वयात?” असं विचारलं. केस रंगवलेले चालतात, कवळी चालते, मोतीबिंदू काढून भिंग बसवलेलं चालतं. गालांनीच वय निमूटपणे सोसायचं, हे मला पटत नाही. अजूनही पटत नाही.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आम्ही दोघं पुण्याला गेलो. प्लास्टिक सर्जन बाई तासभर बोलल्या. आधी वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग समजावलं. कानाच्या पुढून, पाळीखालून मागे केसांपर्यंत छेद घेतात. नुसती कातडी ओढली तर चेहरा ताणलेला दिसतो आणि ती पुन्हा सैल पडते, म्हणून कातडीखालचा घट्ट पापुद्रा उचलून टाक्यांनी बांधतात. शस्त्रक्रिया काही तास चालते. नंतर साधारण दोन आठवडे सूज आणि काळेनिळे डाग असतात, कानाजवळचा बधिरपणा काही महिनेही राहू शकतो. सगळ्यात जास्त भीती असते ती कातडीखाली रक्त साचण्याची. म्हणून रक्तदाब आटोक्यात हवा, आणि माझ्या बाबतीत साखरही, नाहीतर जखम भरायला त्रास. वजन बरेच महिने एका जागी थांबल्याशिवाय तर हात लावायचाच नाही. खर्च लाखांत, आणि तो आपल्या खिशातून, कारण सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम मिळत नाही. एवढं करूनही वय थांबत नाही, काही वर्षांनी चेहरा परत उतरायला लागतो.

मग मी ज्यासाठी गेले होते ते विचारलं. ओठांची टोकं वर येतील का? त्यांनी फिरवून उत्तर दिलं नाही. गळा आणि जबड्याची कड सुधारेल, ओठांच्या टोकांत थोडाच फरक पडेल. शिवाय चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस त्याच भागातून जाते. तिला धक्का बसला तर खालचा ओठ एका बाजूनं नीट हलत नाही. असं कमी वेळा होतं, बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतं, क्वचित तसंच राहतं. टोकांसाठी बोटॉक्सची सुई असते, पण ती स्नायू ढिला करते आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते. कपाळाला घेतली तर मी भुवया उचलणार कशा?

परतीच्या गाडीत हे म्हणाले, “पैशाचा विचार करू नकोस.” मी पैशाचा विचार करत नव्हते. एका बाजूनंच हलणाऱ्या ओठांनी ‘पान’ म्हटलं तर मुलं काय वाचतील, हे मनात घोळत होतं. कुर्डुवाडी येईपर्यंत माझं ठरलं. वर्गात उभी आहे तोवर नाही. निवृत्तीनंतर त्याच डॉक्टरांकडे परत जाईन. तेव्हा हा चेहरा फक्त माझा असेल आणि निर्णयही माझ्या एकटीचा असेल.

एक गोष्ट मात्र पुण्याहून घेऊन आले. डॉक्टरांनी काढलेल्या फोटोत मी रागावलेली दिसत नव्हते. तिथं उजेड समोरून होता. आमच्या वर्गात ट्यूबलाइट बरोबर माझ्या डोक्यावर आहे, प्रत्येक वळीखाली सावली पडते. सोमवारी शिपाईमामांच्या मदतीनं बाकं फिरवली, फळा समोरच्या भिंतीवर घेतला. आता मुलांची पाठ खिडकीकडे आणि माझं तोंड. 31 वर्षांत हे सुचायला हवं होतं, कारण ओठ वाचायला उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावरच लागतो.

ती मुलगी पहिल्या बाकावर बसते. परवा ‘मान’ शिकवताना मी गळ्यावर बोट ठेवलं. ती उठून आली, माझी तिथली सैल कातडी हळूच चिमटीत धरली आणि म्हणाली. आवाज ‘बान’ असा आला, पण ओठ बरोबर मिटले होते.