रस्ता पलीकडून गेलेले गाव

झुरिकहून कूरकडे जाणारी आगगाडी वालेन सरोवराच्या दक्षिण काठाने, बोगद्यांतून आतबाहेर करीत धावते. मुर्ग स्थानकाच्या आसपास खिडकीतून समोरच्या काठाकडे पाहिले, तर उभ्या कड्याच्या पायथ्याशी घरांचा एक लहानसा पुंजका दिसतो. ते क्विंटेन. वस्ती सुमारे ४० माणसांची. स्वित्झर्लंडमध्ये याहून देखणी गावे असतील, पण जिथे नकाशा पाहिला की लोकसंख्येचा आकडा आपोआप उलगडतो, असे दुसरे गाव मला चटकन आठवत नाही.

गावामागे कुरफिर्स्टेनची डोंगररांग आहे. सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून ४१९ मीटरवर आणि वरची शिखरे २३०० मीटरच्या घरात. एवढी उंची डोंगर फारशी उसंत न घेता गाठतो. ही भिंत उत्तरेचा वारा अडवते आणि तिचा दक्षिणेकडे वळलेला चेहरा दिवसभर ऊन पितो. चुलीमागची भिंत विस्तव विझल्यावरही जशी ऊबदार राहते, तसा हा कडा संध्याकाळीही उष्णता परत देत असतो. त्यात सुमारे १५० मीटर खोल पाण्याचा शेजार, त्यामुळे हिवाळ्याचा कडाका बोथट होतो. म्हणूनच आल्प्सच्या उत्तर बाजूला असूनही इथे द्राक्षांचे मळे आहेत, अंजीर पिकते आणि किवीचे वेलही तग धरतात.

पण ज्या कड्याने अंजीर दिले, त्यानेच रस्ता नाकारला. क्विंटेनला मोटार जात नाही. वेसेन किंवा वालेनश्टाटकडून डोंगरकडेच्या पायवाटेने काही तास चालायचे, नाहीतर मुर्गहून बोटीने साधारण दहा मिनिटांत पाणी ओलांडायचे. शाळा, दुकान, रेल्वे सारे पलीकडे. प्रशासनाच्या दृष्टीनेही गाव स्वतंत्र नाही. सांक्ट गालेन प्रांतातल्या क्वार्टेन नगरपालिकेत ते मोडते आणि तिथली तीन हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या जवळजवळ सगळी दक्षिण काठावर राहते.

हे गाव पूर्वीपासूनच असे आडबाजूला होते, असे मानण्याचा मोह होतो. पण त्यात तथ्य नाही. झुरिक आणि ग्राउब्युंडेन प्रांतातल्या आल्प्सच्या खिंडी यांच्यामधला माल शतकानुशतके याच सरोवरातून नावांनी जात असे. दक्षिण काठही पाण्यापर्यंत उतरलेल्या कड्यांनी अडलेला होता आणि तिकडच्या गावांनाही होडीचाच आधार होता. पुढे १८५९ मध्ये त्या काठाने रेल्वे आली, विसाव्या शतकात मोटाररस्ता झाला, डोंगरातून बोगदे निघाले, आणि क्विंटेन तसूभरही न हलता दूर गेले. एखादे गाव दुर्गम आहे असे आपण म्हणतो, तेव्हा रस्ता कोणत्या बाजूने गेला एवढेच बहुधा सांगत असतो.

उन्हाळ्यात इथे प्रवाशांची गर्दी होते. त्यांना मोटारींचा आवाज नसलेली दुपार आणि स्थानिक द्राक्षांची वाइन हवी असते, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र शेवटच्या बोटीने परतणाऱ्याला जी शांतता वाटते, ती तिथे राहणाऱ्याला वेळापत्रक वाटत असणार. पिठाची पिशवी, औषध, नवा पलंग, सगळेच आधी बोटीत चढवावे लागते. मुलाला ताप आला तरी मधले पाणी तेवढेच रुंद राहते. तरुण मंडळी पलीकडे गेली, तर त्यांना दोष कसा द्यावा?

गावात कायमची वस्ती टिकावी, नवी कुटुंबे यावीत म्हणून आता एक प्रतिष्ठान प्रयत्न करीत आहे. राहायला घर आणि गावातच काही काम, ही त्यातली खरी अडचण. नुसत्या निसर्गसौंदर्यावर कोणी बिऱ्हाड हलवीत नाही. त्या प्रयत्नांना अंकगणिताची मात्र मोठी साथ आहे. मुंबईत चौघांचे कुटुंब नव्याने आले, तर शेजारच्या मजल्यावरही त्याचा पत्ता लागत नाही. क्विंटेनमध्ये तेच कुटुंब बोटीतून उतरले, की लोकसंख्या एका दुपारी दहा टक्क्यांनी वाढते.