आर्द्रा: दोन र सांभाळायचं नाव

२२ जून

आज पंचांगात सूर्याचा आर्द्राप्रवेश. अजून तेरा-चौदा दिवस पाऊस या नक्षत्राच्या नावावर जमा होईल, मग पुनर्वसू. मुलींची नावं स्वाती, रोहिणी, चित्रा, रेवती अशी सर्रास असतात, आर्द्रा मात्र क्वचित. इतकं भरलेलं नाव मागे का राहावं, याचं मला वाईट वाटतं.

आर्द्र म्हणजे ओलं, आणि हळवंही. मृगाचा पाऊस वारा-गडगडाट घेऊन येतो, पण बऱ्याचदा वरची माती तेवढी भिजवतो. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरावी लागते, त्याआधी घाई केली तर उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. पाऊस वेळेवर असला तर ही खालपर्यंतची ओल साधारण याच नक्षत्रात मिळते. नावाचा अर्थ सांगताना नुसतं ‘ओली’ म्हणून थांबू नये, ‘बी रुजवणारी ओल’ म्हणावं. गावाकडे याच नक्षत्राला आडदरा म्हणतात.

याच नावाचा तारा मृग तारकासमूहात आहे. मराठी खगोलाच्या पुस्तकांत त्याला काक्षीही म्हणतात. तांबूस, सूर्याच्या कैकशे पट व्यासाचा महाराक्षसी तारा. २०१९च्या अखेरीस तो एकाएकी मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत डोळ्यांनाही फरक जाणवत होता. त्यानेच बाहेर टाकलेल्या पदार्थाची धूळ आड आली होती. गंमत अशी, की आर्द्राचा पाऊस पडतो तेव्हा हा तारा दिसतच नाही, कारण सूर्य आकाशाच्या त्याच भागात असतो. पाहायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळनंतर: आधी एका रेषेतले तीन तारे शोधावेत. त्यांच्या एका बाजूला तांबूस दिसतो तो आर्द्रा, विरुद्ध बाजूचा निळसर पांढरा तो राजन्य.

घरातल्या मोठ्यांचा आक्षेप बहुधा ठरलेला असतो: देवता रुद्र, चिन्ह अश्रू, आणि मुहूर्तशास्त्रात हे तीक्ष्ण नक्षत्र. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, झाकू नयेत. पण हेच नक्षत्र दक्षिणेत शिवाचं म्हणून साजरं होतं. तमिळ मार्गळी महिन्यात चिदंबरमला नटराजाचा आरुद्रा दरिशनम् हा उत्सव याच नक्षत्रावर असतो, आणि केरळात आर्द्रा नि आतिरा ही मुलींची नेहमीची नावं आहेत. रुद्राचं नक्षत्र म्हणून नाव टाळणं मला तरी पटत नाही.

जन्माक्षर पाळणाऱ्यांनी एक बघून घ्यावं. आर्द्रा नक्षत्राची अक्षरं कु, घ, ङ, छ. म्हणजे या नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीला ‘आर्द्रा’ अक्षराने येत नाही. तिथे पाळण्यातलं नाव वेगळं ठेवून हे व्यवहारात वापरता येतं.

खरी कसोटी लिहिण्याची आहे. ‘आद्रता’ असं चुकीचं लिहिलेलं किती ठिकाणी दिसतं! एक र रफार होऊन वर बसतो, दुसरा द ला खाली चिकटतो, आणि घाईत वरचा गळतो. टंकताना क्रम असा: आ, र, हलन्त, द, हलन्त, र, काना. सात कळा. पहिला हलन्त राहिला तर ‘आरद्रा’, दुसरा राहिला तर ‘आर्दरा’. रोमन लिपीत ए-आर-डी-आर-ए हे साधं रूप पुरे. जादा ए लावायचा तर तो सगळीकडे लावावा, एका कागदावर आहे नि दुसऱ्यावर नाही असं नको.

बोलताना आर्-द्रा, दोनच अवयव. र हा मुलांच्या जिभेवर उशिरा बसणारा ध्वनी, त्यात जोडाक्षर. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं ती स्वतःला ‘आदा’ म्हणेल. म्हणू द्यावं, पण मोठ्यांनी पूर्ण नावच घ्यावं. विभक्तीत ‘आर्द्राला, आर्द्राचा’ हेच सरळ वाटतं.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच ठरलं पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद करून १२ महिन्यांत विनाशुल्क ते घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश आणि पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून या नोंदीचाच जन्मदाखला लागतो, म्हणून दाखला छापण्याआधी पडद्यावर दोन्ही लिप्यांतलं नाव अक्षर-अक्षर वाचून घ्यावं. रफार आहे ना, ते आधी.