टनावर जाऊ नका, एमएम बघा

कोल्हापुरात गाडी दुरुस्त करायला माणूस मिळत नाही, असं कधी होत नाही. तरी मी घरासाठी ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, दांडा मारला की तेलाच्या दाबानं गाडी उचलणारा) घेतला, आणि तेव्हापासून बिल्डिंगमधलं, कंपनीतलं कुणी ना कुणी 'कुठला घेऊ?' म्हणून विचारत असतं. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पंक्चरसाठी असला जॅक घेऊ नका. पंक्चरवाला कोपऱ्यावर बसलाय. मला तो हवा होता दर दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायला, ब्रेक पॅड किती उरलेत ते डोळ्यांनी बघायला, आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडून फिरून आलं की चाकांच्या आत थापलेला लाल चिखल काढायला. हे सगळं गाडीसोबत मिळणाऱ्या, स्क्रू फिरवायच्या कात्री जॅकवर होतं, पण एकेक कोपरा करत, हँडल फिरवत फिरवत. रविवारची सकाळ त्यातच जाते. "मेकॅनिकला दोनशे रुपये दे की," असं आमचे आबा म्हणतात. सासऱ्यांशी वाद घालत नाही, पण पॅड मला स्वतःला बघायचे असतात. शिरोलीत मशीनशॉपला क्वालिटीला आहे. दुसऱ्यानं 'ओके आहे' म्हटलेलं ऐकून घ्यायची सवयच गेलीय.

उद्यमनगरात दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, किती टनाचा? आणि तो प्रश्न माझ्याकडं न बघता नवऱ्याला. "साहेब, तीन टनाचाच न्या. परत बघायला नको." साहेबांना पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे अजून मी सांगते, पण ते असो.

टनाचं गणित साधं आहे. माझी स्विफ्ट रिकामी असताना नऊशे किलोच्या आतच भरते. इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढं, म्हणून साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे पूर्ण पुढची बाजू उचलली तरी सव्वापाचशे-साडेपाचशे किलो. दोन टनाचा जॅक याच्या तिप्पट-चौपट झाला. हॅचबॅक, सेडान कुठलीही असो, यापुढं टनाचा विचारच करू नका. तीन टनाचा मोठा जॅक तीस किलोच्या पुढं जातो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कधी चालू कधी बंद. तो वर नेणार कोण?

'हलका पाहिजे' म्हटलं की दुकानदार लगेच अ‍ॅल्युमिनियमचा दाखवतो. दिसतो देखणा, किंमतही तशीच. पण दीड टनाचा अ‍ॅल्युमिनियम जॅक बारा-पंधरा किलोचा असतो, आणि दोन टनाचा छोटा, पत्र्याच्या सांगाड्याचा जॅक आठ-नऊ किलोचा. अ‍ॅल्युमिनियमवाला अंगानं मोठा असतो, त्यामुळं धातू हलका असून वस्तू जडच. त्याची खरी गंमत म्हणजे तो जमिनीसरपट खाली जातो, गाडीखाली लांबवर पोचतो आणि दांडा लांब असल्यानं जोर कमी लागतो. रोज दहा गाड्या उचलणाऱ्याला ते पैसे वसूल होतील. घरच्याला नाही.

मग बघायचं काय, तर उंची. खोक्यावर दोन आकडे असतात. खालचा, म्हणजे जॅक पूर्ण बसलेला असताना वाटीची (गाडीला टेकणाऱ्या भागाची) उंची, आणि वरचा, म्हणजे पूर्ण उचलल्यावरची. स्वस्तातल्या बहुतेक छोट्या जॅकचा खालचा आकडा १३५ एमएमच्या आसपास आणि वरचा ३३० च्या आसपास असतो. आता टेप घेऊन खाली जा आणि दाराखाली जिथं दोन खाचा दिसतात, तिथल्या पत्र्याच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. माझ्या गाडीला ती १८५ भरली. ग्राउंड क्लिअरन्सचा कंपनीचा आकडा १६३ आहे, पण तो गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाचा. तुम्हाला जॅक लावायच्या जागेचा हवा. १८५ मधून १३५ गेले, पन्नास एमएम मोकळी जागा. टायरात हवा असेल तर काम झालं. टायर पूर्ण बसला की तीच कड पाच-सहा सेंटीमीटर खाली येते आणि हा जॅक आत शिरतच नाही. त्यासाठी ८५-९० एमएमचे बुटके जॅक मिळतात, पण ते जड आणि महाग. माझी सगळी कामं हवा भरलेल्या टायरची, म्हणून मी १३५ वर थांबले. स्कॉर्पिओ, बोलेरोवाल्यांचं उलटं होतं: दोन टन ताकद पुरते, पण ३३० ची उंची पुरत नाही. त्यांनी वरचा आकडा आधी बघावा.

या उंचीत वाटीवर ठेवायच्या रबरी तुकड्याची जाडीही धरा. जॅकची लोखंडी वाटी थेट त्या कडेला लावली तर कड दुमडते, रंग उडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं गंज धरतो. आमच्या शॉपमध्ये पीयू रॉडचे, म्हणजे रबरासारख्या कडक प्लॅस्टिकचे, तुकडे पडलेले असतात. वाटीत बसेल असा साठ एमएम व्यासाचा एक तुकडा लेथवर टर्न करून घेतला आणि मिलिंगवर मधोमध खाच मारून घेतली. कड त्या खाचेत उतरते आणि वजन दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर येतं. खाचेखाली बारा एमएम माल ठेवलाय. तसा तयार रबरी पॅडही बाजारात मिळतो.

दुकानात आणखी दोन गोष्टी करा. जॅकचा हात, म्हणजे वाटी ज्यावर बसते तो दांडा, अर्धा वर उचलून डावी-उजवीकडं हलवून बघा. थोडी हालचाल चालते, खडखड नको. आणि मागची दोन छोटी चाकं गरकन फिरतात का ते बघा. त्याला कारण आहे. जॅकचा हात कमानीत वर जातो, सरळ रेषेत नाही. वाटी वर जाता जाता मागं सरकते, म्हणून एक तर जॅकनं गाडीखाली पुढं घरंगळायला हवं, नाही तर गाडीनं थोडं हलायला हवं. आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. त्यांच्या फटीत छोटं चाक अडकलं की वाटी कडेवरून घसरायला बघते. मी खाली अठरा एमएमचा प्लायवूड टाकते. चाक त्याच्यावर सरकताना दिसतं, तोवर पंप मारत राहायचं. चाक थांबलं की मीही थांबते.

पुढची बाजू उचलताना हँडब्रेक मागच्या चाकांना धरून ठेवतो. मागची उचलताना तो काही कामाचा नाही, म्हणून गाडी गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच ढिले करून घ्यायचे.

जॅक स्टँडशिवाय (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी पायांशिवाय) गाडीखाली डोकं घालायचं नाही, यात घासाघीस नाही. जॅकच्या आतलं एक ओ-रिंग (तेल अडवणारं रबरी कडं) गेलं की तेल परतायला लागतं आणि गाडी खाली येते. दोन-तीन हजारांच्या बजेटमध्येच स्टँडची जोडी धरा, हवं तर जॅक थोडा स्वस्त घ्या. अडचण एवढीच की दाराखालच्या त्याच खाचा जॅकलाही हव्या असतात आणि स्टँडलाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये गॅरेज जॅक पुढं-मागं मध्यभागी कुठं लावायचा त्याचं चित्र असतं. तिथं उचला आणि खाचांखाली स्टँड सरकवा. स्टँडची सगळ्यात कमी उंची जॅकच्या वरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी आहे ना, हेही खरेदीच्या वेळीच बघा.

नवा जॅक घरी आणला की रिलीज व्हॉल्व्ह (जो उघडला की जॅक खाली येतो) उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा पूर्ण मारा, आत अडकलेली हवा निघते. मग गाडी उचलून उंचीला खडूची खूण करा आणि अर्ध्या तासानं बघा. खूण खाली सरकली असेल तर बिल असेपर्यंत परत नेऊन द्या. तेल कमी झालंच तर हायड्रॉलिक जॅक ऑइलच घाला. ब्रेक ऑइल घातलं की सील फुगून जातात.

डिकीत मात्र मी कंपनीचा कात्री जॅकच ठेवलाय. आंबोलीपर्यंत नऊ किलो लोखंड फिरवण्यात अर्थ नाही, आणि रस्त्यावर स्टेपनी बदलायला, बसलेल्या टायरखाली शिरायला तोच बरा. जूनच्या आधी त्याच्या स्क्रूला ग्रीस तेवढं लावून ठेवते.