बर्फ काढाल हो, पण टाकणार कुठे? (माझा अनुभव)

मोठा बर्फ म्हटलं की सगळे फावडं कुठलं घ्यावं, स्नो ब्लोअर (बर्फ ओढून लांब उडवणारं यंत्र) किती पॉवरचा असावा यावरच बोलतात, पण या हिवाळ्यानंतर माझं मत पक्कं झालंय की उचलणं हे अर्धंच काम, खरा घोळ तो टाकायचा कुठे यात आहे. सुरुवातीला जागाच जागा दिसते म्हणून आपण ड्राइव्हवेच्या (रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेच्या) अगदी कडेला ढकलून मोकळे होतो आणि हिवाळा निम्मा होईपर्यंत दोन्हीकडे छातीएवढ्या भिंती उभ्या राहतात, मग प्रत्येक फावडं डोक्यावरून फेकायचं आणि त्यातलं अर्धं परत आपल्याच बुटांवर. म्हणून आम्ही यंदा पहिल्याच बर्फाला, अगदी चार बोटं पडला होता तेव्हापासून, लांब फेकायला सुरुवात केली. समोरचे हसत होते, हसू देत.

मोठं वादळ दुपारी सुरू झालं ते रात्रभर चाललं. थांबल्यावर एकदमच काढू असं नाही केलं, वीतभर साठला की बाहेर जाऊन ढकलून यायचं, परत आत, परत बाहेर. कारण वजन. कोरडा भुसभुशीत बर्फ 30 सेंटीमीटर साठला तर एका चौरस मीटरवर साधारण 30 किलो भरतो, ओला असेल तर दुप्पट किंवा जास्तच, आता 50 चौरस मीटरच्या ड्राइव्हवेचा हिशोब करा, दीड टन ते तीन टन, आणि सगळा आपल्या कंबरेच्या जिवावर! त्यात थंडीने रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, वर जड उचलताना श्वास रोखला की हृदयावर एकदम ताण येतो, म्हणून बाबांना फावड्याला हात लावू दिला नाही. रुसले, पण खिडकीतून सूचना देणं काही थांबलं नाही.

बाहेर पडलं की सगळ्यात आधी ड्राइव्हवे नाही, फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, धूर बाहेर सोडणारा पाइप. नवीन फर्नेसचा प्लास्टिकचा पाइप बाजूच्या भिंतीतून फार उंच नसतोच, तो गाडला गेला तर फर्नेस बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, ज्याला ना रंग ना वास. या वायूच्या अलार्मची बॅटरी थंडी सुरू होतानाच बदलून ठेवा. गाडीचंही तेच, सायलेन्सर बर्फात रुतलेला असताना आत बसून हीटर लावायचा नाही म्हणजे नाही.

मग सकाळी रस्ता साफ करणारा प्लाऊ आला आणि आमच्या मोकळ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून गेला. हा बर्फ वेगळाच असतो, ओला, दाबलेला, मीठ-खडीचा, आणि तासाभरात दगड. यावर एक जुगाड आहे, प्लाऊ ज्या बाजूने येतो त्या बाजूला, ड्राइव्हवेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडीएवढी जागा आधीच मोकळी करून ठेवायची, पात्यावरचा बराच माल तिथेच पडतो. सगळा नाही पडत, पण फरक जाणवतो. हा बांध फोडताना ब्लोअर तुंबतोच, तेव्हा हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी पातं ताणलेलं असतं, अडकलेला बर्फ सुटला की फिरतं आणि बोटं जातात. काठीच वापरा.

मिठाचं थोडक्यात सांगतो, साधं मीठ उणे 9-10 अंश सेल्सियसच्या खाली जवळपास निकामी, त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड लागतं, आणि तेही नसेल तर सरळ वाळू टाका, वितळणार नाही पण पाय घसरणार नाही.

छपराचं मात्र डोक्याला ताप. अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यात, घरातली ऊब झिरपते, वरचा बर्फ खालून वितळतो, पाणी थंड कडेपर्यंत येऊन पुन्हा गोठतं आणि तिथे बर्फाचा बंधारा तयार होतो, मागे अडलेलं पाणी मग कौलांखालून छतात. आम्ही जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रेकने कडेचा मीटरभर पट्टा खाली ओढला. शिडी लावून वर चढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. कायमचा इलाज म्हणजे अॅटिकच्या फटी बुजवणं आणि इन्सुलेशन, ते उन्हाळ्यात करायचंय, बघू.

पण छपरावरून ओढलेला तो ढीग पडतो घराच्या भिंतीलगत, आणि परत तोच प्रश्न, टाकायचा कुठे! तिथेच ठेवला तर वितळल्यावर पाणी घराच्या पायात मुरून बेसमेंटमध्ये उतरतं. त्यामुळे थंडी जरा ओसरल्यावर आम्ही तो थोडाथोडा करून उताराच्या बाजूला, अंगणाच्या खालच्या टोकाला नेऊन टाकला, आणि रस्त्यावरच्या गटाराची जाळीही खणून मोकळी केली, नाहीतर वितळलेलं सगळं पाणी वळून परत आमच्याच ड्राइव्हवेवर येऊन रात्री गोठलं असतं.