केमोच्या दिवसांतले चालणे

‘केमो चालू असताना तुम्ही चालायला जात होतात? हृदयाची भीती नाही वाटली?’ हा प्रश्न मला विचारणाऱ्या बहुतेकींच्या घरात कोणाचे तरी उपचार नुकतेच सुरू झालेले असतात, म्हणून उत्तर नीट देते.

भीती वाटली होती. स्तनाच्या कर्करोगासाठी मला डॉक्सोरुबिसिन दिले जात होते. नळीतून उतरणारे हे लाल औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते, म्हणून आधीच टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला होता. घरच्यांच्या आग्रहावरून मी पडून राहिले आणि दुसऱ्या केमोनंतर एकच मजला चढताना कठडा धरून थांबले. थकवा औषधाचा आहेच, पण झोपून राहिल्याने दम आणि स्नायू दोन्ही घटतात, हे फिजिओथेरपिस्टने तेव्हा समजावले.

डॉक्टरांच्या संमतीने आम्ही एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतच्या २१ दिवसांच्या चक्राप्रमाणे व्यायाम आखला: पहिले चार दिवस घरातल्या घरात दहा मिनिटे, मग वाढवत तिसऱ्या आठवड्यात ३० मिनिटे चालणे, तेही बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने, शिवाय आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे. आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे चालणे आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, हे प्रमाण अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननेही २०१९ मध्ये सुचवले आहे. व्यायामामुळे औषधाची इजा टळतेच असे मी कोणाला सांगत नाही, इजा झाली आहे का, हे कळायला इकोच हवा. पण उपचारांत दम घटत जातो, ती घसरण व्यायामाने कमी होते.

पुढे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाने तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा रस्ता सोडून मी भिंतीलगत, बूट घालून चालले. प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) फार कमी आल्या त्या आठवड्यात फक्त बसून हात-पाय हलवले. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर व्यायामाचा विचारही न करता लगेच रुग्णालयात फोन करायचा. छातीत दुखले, धडधडले किंवा पायांवर सूज आली, तरीही तेच. आजार हाडांत पसरला असेल, तर माझा हा क्रम मुळीच उचलू नका, तुमचा वेगळा आखून घ्या.

आणि घरच्यांना एवढेच सांगा, की ‘झोप’ म्हणण्याऐवजी पहिली दहा मिनिटे तिच्या बरोबरीने चाला. माझ्या नवऱ्याने ते केले, म्हणून तिसऱ्या केमोनंतर मी दाराबाहेर पडू शकले.